ईस्टरची बातमी अर्धीच छापली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

5 एप्रिलच्या ईस्टरची बातमी वाचली, फोटो रंगवलेल्या अंड्यांचा आणि खाली दोन ओळी की ख्रिस्ती बांधवांनी केक कापून सण साजरा केला. त्याच्या दोन दिवस आधी गुड फ्रायडेच्या शुभेच्छांची जाहिरात पण होती, आता प्रभू वधस्तंभावर गेला त्या दिवशी शुभेच्छा कामून देता हो? असो, राग नाही, पण मूळ गोष्टच, येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला ती, राहून गेली म्हणून लिहायलो.

आम्ही ईस्टरला अंधारातच कब्रस्तानात जातो. आदल्या दिवशी गवत काढायचं, कबरींना चुना मारायचा, पहाटे मेणबत्त्या लावायच्या. यंदा शेजारचे काका सोबत आले, वडिलांचे जुने दोस्त, ते म्हणाले, अरे आत्मा अमरच असतो की, आमच्याकडं पण तेच सांगतात, मग यात नवीन काय? तिथं मला नीट बोलता आलं नाही. घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

काका, गोष्ट नुसत्या आत्म्याची नाही, देहाची आहे. कबर रिकामी होती. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांना विचारतो, खायला काही आहे का, आणि भाजलेला मासा त्यांच्यादेखत खातो. भूत कुठं मासा खातं? आणि हातावर खिळ्यांचे वण तसेच, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तेच दाखवले. माझी माय जन्मभर कापूस वेचत राहिली, बोटं कायम चिरलेली, तिच्या कबरीपाशी उभं राहिलं की मला तीच बोटं दिसतात आणि वाटतं, देव हे हात मातीत सोडून देणार नाही.

प्रेषित पौलानं तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात सरळच लिहिलंय, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. पळवाटच ठेवली नाही. त्याच पत्रात तो ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, हे शेतकऱ्याला समजून सांगावं लागत नाही, ज्वारीचं पहिलं कणीस भरलं की मागून सगळं रान भरतं (आमच्याकडं मधेच गारपीट येते तो भाग वेगळा). तसं तो आधी उठला, आता आमची माणसं मागून.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडे 26 मार्चला आणि ईस्टर 28 ला आहे. फोटोग्राफरला पहाटे पाचलाच पाठवा, उजाडलं की मेणबत्त्या फोटोत येत नाहीत. चहा आमच्याकडं.

आपला एक वाचक,
जालना