दुकानाचे पैसे दुकानाच्याच खात्यात

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

कार्ड घासायचं मशीन विकणारा तो पोरगा आपल्या मसाल्या-पापडाच्या दुकानात पुन्हा येऊन गेला, वेबसाइटही करून देतो म्हणतो, असं बाबा फोनवर सांगत होते. फोनवर बोललेलं आई वहीत टिपते आणि वही कुठल्यातरी डब्याखाली जाते, म्हणून या वेळी सगळं कागदावरच लिहिते आहे.

आधी उत्तर सांगून टाकते: त्याच्याकडून आत्ता काहीच घेऊ नका. मशीन नाही म्हणून आपलं काही अडलेलं नाही. अडलंय ते दुकानाचे पैसे दादाच्या खात्यात जातात म्हणून.

काउंटरवर चिकटवलेला क्यूआर दादाच्या स्वतःच्या खात्याचा आहे. तो बुटीबोरीला पाळीवर गेला की फोन लॉकरमध्ये. गिऱ्हाईक "काकू, पाठवले बघा" म्हणून स्क्रीन दाखवतं, आई पिशवी देऊन मोकळी होते आणि रात्री दादा जेवायला बसला की जुळवाजुळव सुरू होते. आता तशीच स्क्रीन दाखवणारी नकली ॲप निघाली आहेत. नाव, रक्कम, हिरवी खूण सगळं हुबेहूब. पैसा मात्र एक नाही. आईला ते ओळखू येणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही येणार नाही. वहिनीला अधूनमधून वाटणारच की घरखर्चाचं खातं आणि दुकानाचा गल्ला एकच का. ती बोलत नाही, हा तिचा चांगुलपणा.

तेव्हा बाबांनी दुकानाच्या चालू खात्याच्या बँकेत जाऊन व्यापारी क्यूआर मागायचा आणि सोबत ती बोलणारी पेटी, पैसे खात्यात आले की रक्कम मोठ्यानं सांगणारी. पेटीचं भाडं साधारण महिन्याला शंभर-सव्वाशेच्या घरात असतं. आधी विचारून घ्या, आणि मराठी बोलणारीच मागा. मग एकच नियम: पेटी बोलली तर पिशवी द्यायची. ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी. पेटी गप्प राहिली आणि माणूस स्क्रीन नाचवत असला, तर "नेटवर्क नाही वाटतं, दोन मिनिटं बसा" म्हणायचं. खरं असेल तो बसतो.

खर्चाचं म्हणाल तर, यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. बँकेत कोणी "टक्का कापला जाईल" म्हणालं तर कशावर, ते स्पष्ट विचारा. हल्ली लोक रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे देतात. ते दादाच्या घरगुती क्यूआरवर चालतच नाही, व्यापारी क्यूआरवर चालतं. आणि छोट्या दुकानदाराला त्यातही २००० रुपयांपर्यंत शुल्क नाही.

कार्ड घासायच्या मशीनचं मी फार लिहीत नाही. आपल्या नागपूरच्या महाल भागात पाव किलो सावजी मसाल्यासाठी कार्ड कोण काढतं? वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून रुपे सोडून बाकीच्या डेबिट कार्डांवर जास्तीत जास्त ०.४० टक्के घ्यायचे, असं रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलंय. शुल्क काही भारी नाही. पण मशीनचं भाडं वापरा न वापरा द्यावंच लागतं, आणि तो पोरगा ते शेवटी सांगतो.

खरा प्रश्न पार्सलांचा आहे. पुण्या-मुंबईतली आपली वऱ्हाडी-नागपुरी मंडळी सांडगी मिरची, कुरडया, वडाभाताचा मसाला मागवतात. त्यांना नव्या क्यूआरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की झालं. दहातला एखादा "कार्डानंच देईन" म्हणणारा निघतो, विशेषतः रुखवताची मोठी ऑर्डर असली की. त्याच्यासाठी वेबसाइट लागत नाही. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या, कंपन्या नुसती लिंक बनवून देतात; ती गिऱ्हाइकाला पाठवायची, तो कार्डानं किंवा नेटबँकिंगनं भरतो. त्यांचा दर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३००० च्या ऑर्डरवर ६० आणि १०.८०, मिळून ७० रुपये ८० पैसे गेले. एखाद्या मोठ्या ऑर्डरला परवडतं. पण जो मुकाट्यानं यूपीआय करतोय त्याला आपण होऊन लिंक पाठवू नका.

आणखी एक. लिंकचे पैसे लगेच येत नाहीत, सहसा कामाचे दोन दिवस लागतात. कळमन्याच्या बाजारात मिरची घेताना अडत्या दोन दिवस थांबणार आहे का? शनिवारी आलेली ऑर्डर मंगळवारच्या खरेदीला धरू नका. आणि असे दुसऱ्यांचे पैसे घेऊन द्यायच्या कामाला कंपनीकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. परवानगी असलेल्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. कोणाचंही नाव सुचलं तर आधी मला कळवा, मी पाहून घेईन.

पार्सल पोचल्यावर पैसे घ्यायची पद्धत मात्र मला आपल्या मालासाठी अजिबात पटत नाही. कपडे, चपला विकणाऱ्यांना ठीक आहे. आपलं पार्सल कोणी दारातून परत केलं तर जातायेताचा खर्च आपला, आणि कुरडईनं दोनदा प्रवास केला की डब्यात चुराच उरतो. तो परत विकता येत नाही, आई तो कोणाला देऊही देणार नाही. तेव्हा आधी पैसे, मग पार्सल. नव्या माणसाला संकोच वाटला तर आईनं त्याच्याशी फोनवर दोन मिनिटं बोलावं. आपल्या दुकानाचा विश्वास तिच्या बोलण्यावरच बसलाय, वेबसाइटनं तो वाढायचा नाही.

आता बाबांची धास्ती. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बंगळूरूत काहींनी "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या, ते तुम्ही वाचलं होतं. पण बाबा, महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, आणि ती रोख धरूनच मोजतात. आपण तिच्या बरेच खाली आहोत. उलट प्राप्तिकराचं विवरण तुम्ही अंदाजित नफ्यावर भरता, तिथे रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६. म्हणजे यूपीआयनं तुमचा फायदाच आहे.

भीती बाळगायचीच तर वेगळ्या गोष्टीची बाळगा. जीएसटी लागू असलेला माल राज्याबाहेर पाठवला की ४० लाखांची सवलत राहत नाही, पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. पुणं सातशे किलोमीटरवर, पण महाराष्ट्रात, तिथे बिनधास्त पाठवा. छिंदवाडा सव्वाशेवर, पण मध्य प्रदेशात. पैसे कसे आले याच्याशी त्याचा संबंध नाही, पार्सल कुठे गेलं हे पाहतात. पापडावर जीएसटी नाही, मसाल्यावर आहे. म्हणून छिंदवाड्याच्या मावशींना आणि रायपूरच्या त्या डॉक्टरीणबाईंना तूर्त पापडच पाठवा. मसाल्याचं तुमच्या करसल्लागारांना विचारून ठरवू. तिकडची मागणी खरंच वाढणार असेल तर नोंदणी करून टाकू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आई, हे तुझ्यासाठी. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे आपले जाणार. "काकू, चुकून दहा हजार आले तुमच्याकडे, परत करा" असा फोन आला तर आधी पेटी बोलली होती का ते आठव, मग दादाला खातं बघायला सांग, तोवर एक रुपया पाठवू नको. सकाळी दुकान उघडलं की क्यूआर एकदा आपल्याच फोननं स्कॅन करून नाव बाबांचंच येतंय ना ते बघ, कारण वरून दुसरा कागद चिकटवून जाणारे महाभाग आहेत. एवढं करूनही काही झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन करायचा, मला नंतर. बाकी मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतात तसं म्हणायचं, इडा-पीडेसोबत हे फसवे फोनही घेऊन जा गे मारबत!

दादाला सुटी असेल त्या दिवशी दोघं बँकेत जा. आधार, पॅन, दुकानाचा परवाना आणि चालू खात्याचा रद्द केलेला चेक बरोबर ठेवा. नवा क्यूआर लागला की जुना फाडूनच टाका, बाजूला ठेवलात की कोणीतरी स्कॅन करणारच. पहिला रुपया मी इथून पाठवते. पेटी काय बोलते ते आईनं मला फोनवर ऐकवावं.

तुमची,
मनू

ता. क. : पेटी चार्ज करावी लागते. चार्जर देवघराजवळच्या बटणाला लावू नका, ते सैल आहे.