गोलांच्या तक्त्यात न मावणारा गिलमोर

संपादक महोदय,
स. न.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या मिडफिल्डर्सचा, म्हणजे फुटबॉलमधल्या मधल्या फळीच्या खेळाडूंचा, तक्ता छापून आला. रकाने दोनच, गोल आणि असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास). स्कॉटलंडचा स्कॉट मॅक्टॉमिने त्यात वरच्या ओळीत होता, आणि ते रास्तच आहे. नापोलीने २०२४-२५ची सेरी ए, म्हणजे इटलीची अव्वल लीग, जिंकली त्या मोसमात त्याने लीगमध्ये १२ गोल मारले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पण त्याच संघातला, त्याच देशाचा बिली गिलमोर या तक्त्यात कुठे बसवणार? चेल्सी, नॉर्विच आणि ब्रायटन या तीन क्लबांकडून तो इंग्लंडची प्रीमियर लीग खेळला. तिथे त्याच्या नावावर एकही गोल नाही. देशासाठी पहिला गोल झाला तो सप्टेंबर २०२४ मध्ये पोलंडविरुद्ध, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तक्ता वाचणारा विचारणारच, मग हा पोरगा मैदानात करतो तरी काय?

ज्यांना पाहायचं असेल त्यांनी ३ मार्च २०२०चा एफए कपचा चेल्सी-लिव्हरपूल सामना काढून पाहावा. गिलमोर तेव्हा अठरा वर्षांचा, जेमतेम साडेपाच फुटांच्या वर, अंगकाठीने पोरसवदा. बचावपटूंकडून चेंडू घ्यायला तो खाली येतो. चेंडू पायाशी पोहोचण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते बघून ठेवतो आणि पहिल्याच स्पर्शात अंग पुढच्या दिशेला वळवतो. अंगावर आलेला खेळाडू तोवर मागे पडलेला असतो. चेल्सीने तो सामना २-० जिंकला. दोन्ही गोल इतरांचे, सामनावीर मात्र गिलमोर. पाच दिवसांनी एव्हर्टनला ४-० हरवलं तेव्हाही सामनावीर तोच. त्यानंतर आठवडाभरातच कोरोनाने इंग्लंडचं फुटबॉल बंद पाडलं. खेळ पुन्हा सुरू झाला तर जुलैमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि तो कित्येक महिने बाहेर बसला.

योग जुळून यायचे आणि ऐनवेळी मोडायचे, असं त्याच्या बाबतीत फार झालं. युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत १८ जून २०२१ला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. सामना ०-० सुटला आणि सामनावीर पुन्हा हाच. तीन दिवसांनी त्याची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली. क्रोएशियाविरुद्धची निर्णायक लढत त्याच्याविना झाली, स्कॉटलंड १-३ हरून स्पर्धेबाहेर गेला. (सामन्यानंतर त्याच्याशी दोन शब्द बोलले म्हणून इंग्लंडकडून खेळणाऱ्या माउंट आणि चिलवेल या त्याच्या चेल्सीतल्या साथीदारांनाही विलगीकरणात जावं लागलं होतं!)

माझा खरा आक्षेप पुढच्या वर्षाबद्दलच्या लिखाणावर आहे. २०२१-२२ मध्ये चेल्सीने त्याला लोनवर, म्हणजे उसना, नॉर्विचला पाठवलं. संघ सुरुवातीपासून तळाशी, प्रशिक्षक नोव्हेंबरातच बदलला, आणि शेवटी सगळ्यात खाली राहून संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. नॉर्विचचेच पाठीराखे 'चेल्सीला परत जा' असं गिलमोरला ओरडून सांगू लागले. तेव्हापासून तो 'फसलेला' खेळाडू झाला, आणि आपल्याकडची वृत्तपत्रंही तोच शब्द गिरवत राहिली. ज्याचं काम संघाकडे चेंडू असताना सुरू होतं, त्याला चेंडूच फारसा न मिळणाऱ्या संघात टाकून विसाव्या वर्षी निकाल लावून टाकायचा, हा कुठला न्याय?

पुढे ब्रायटनमध्ये प्रशिक्षक डी झर्बींच्या हाताखाली चित्र पालटलं. त्यांच्या पद्धतीत सेंटर बॅक (मधला बचावपटू) चेंडूवर पाय ठेवून चक्क थांबतो आणि समोरच्याला अंगावर येऊ देतो. तो आला की त्याने सोडलेल्या जागेतून चेंडू मिडफिल्डरकडे जायचा. पाठीवर माणूस असताना न घाबरता चेंडू मागणारा खेळाडू त्यासाठी लागतो, आणि गिलमोर लहानपणापासून तेच करत आला होता. आर्ड्रोसन या किनारी गावातला हा मुलगा रेंजर्स या स्कॉटिश क्लबच्या अकादमीत वाढला आणि शाळा शिकला किल्मार्नॉकच्या ग्रेंज अकादमीत. स्कॉटिश फुटबॉल संघटनेने २०१२ पासून काही सरकारी शाळांमध्ये वेळापत्रकातच रोजचा फुटबॉल सराव बसवला, त्यांतली ही एक शाळा. यावर आपण एखादा स्वतंत्र लेख छापलात तर आमच्या कोल्हापुरातल्या पालकांना तो तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यात एखाद्या पोराने मागे पास दिला की गॅलरीतून लगेच 'मार की रं पुढं!' सुरू होतं. मागे दिलेल्या पासनेही कधी कधी पुढची वाट मोकळी होते हे त्यांना कुणीतरी छापून सांगायला हवं.

गिलमोर फार थोर खेळाडू झाला, असं मला म्हणायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तो नापोलीला गेला तेव्हा त्याच्या जागेवर लोबोत्का हा मिडफिल्डर होता आणि पहिली पसंतीही त्यालाच होती. युरो २०२४च्या सलामीला जर्मनीविरुद्धही गिलमोरला आधी राखीव बाकावरच बसवलं होतं. स्कॉटलंड तो सामना १-५ हरला, आणि पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडविरुद्ध त्याला पहिल्या अकरांत घेतलं. तो १-१ सुटला. ताकदवान संघासमोर अंगाने कमी पडेल अशी भीती प्रशिक्षकांना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. दुखापतींनीही त्याची पाठ सोडलेली नाही.

तरीही २३ मे २०२५ची रात्र पाहा. इंटर मिलानपेक्षा एका गुणाने पुढे असलेल्या नापोलीला विजेतेपदासाठी कॅलियारीला हरवायचं होतं. लोबोत्का जखमी असल्याने त्याच्या जागी गिलमोर उतरला. मॅक्टॉमिनेने हवेत झेपावत गोल केला, दुसरा लुकाकूने मारला, आणि नापोलीचं चौथं विजेतेपद पक्कं झालं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ही दोनच नावं होती.

तेव्हा विनंती एवढीच, की परदेशी सामन्यांच्या निकालाखाली गोल करणाऱ्यांबरोबर दोन्ही संघांचे पहिले अकरा खेळाडू आणि बदली खेळाडू कोणत्या मिनिटाला आले तेही छापावं. बारीक टायपात बसवलं तर चार ओळींत मावेल. जागा कमी पडत असेल तर खेळाडूंच्या बदलीच्या अफवांचा रोजचा स्तंभ थोडा आखडता घ्यायला हरकत नाही.

आपला,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर