आम्ही काचेच्या घरात, आपण पडद्याआड: माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान, भारत सरकार

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसानं फोन करून माझ्या पत्नीचं ऑपरेशन कधी झालं, कुणी केलं आणि विम्याचे किती पैसे मंजूर झाले, हे मला घडाघडा सांगितलं. आधारचे शेवटचे चार आकडेही बरोबर होते. ‘उरलेला क्लेम आजच पास करतो काका, फक्त ओटीपी सांगा.’ ओटीपी दिला नाही म्हणून पैसे वाचले. पण ज्या ऑपरेशनबद्दल आम्ही सख्ख्या नातेवाइकांनाही सांगितलं नव्हतं, ते कुठल्या तरी कॉल सेंटरातल्या पोराला तोंडपाठ होतं. तेव्हापासून फोन वाजला की पत्नी आधी माझ्याकडे बघते.

सरकारी पोर्टलवर तक्रार केली. लगोलग मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ निकाल काय लागला, ते विचारायची सोय त्या पोर्टलवर नाही. कामाचा उरक वाखाणण्यासारखा आहे, अभिनंदन.

ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’ ही विज्ञानकथा आपण वाचली आहे का? माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात आणि सगळं काही एक यंत्र पुरवतं. ते बिघडू लागतं तेव्हा लोक दुरुस्ती समितीकडे तक्रार करतात. लवकरच दुरुस्त होईल, असं समिती कळवते. होत काहीच नाही, आणि लोक बिघाडालाच सरावतात. संगणक जन्मायच्या कितीतरी आधी त्या गृहस्थांना आपलं पोर्टल दिसलं होतं!

आता कायद्याकडे येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखानं सांगितलं. त्याआधी २०१५ मध्ये सरकारी वकिलांनी याच न्यायालयात असा हक्कच नाही, असा युक्तिवाद केला होता. म्हणजे हा हक्क आपण दिलेला नाही, तो आपल्याकडून ओढून घ्यावा लागला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला ऑगस्ट २०२३ मध्ये आणि त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. ज्यांच्या याचिकेवर तो निकाल लागला, ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०२४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी गेले. त्यांना नियमसुद्धा बघायला मिळाले नाहीत.

आणि नियम येऊन तरी काय? माहिती सांभाळण्याची बंधनं पाळायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत. पण माहिती अधिकार कायद्याला कात्री लावणारं, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून उत्तर नाकारायची मोकळीक देणारं या नव्या कायद्यातलं कलम ४४(३) मात्र लगेच लागू. आम्हाला द्यायचं ते सावकाश, आमच्याकडून घ्यायचं ते त्याच दिवशी! माहिती अधिकाराचं कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती मिळेल, हे आपलं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे. पण जनहित मोठं की नाही हे ठरवणार तोच अधिकारी, ज्याच्या कारभाराची माहिती मी मागतोय.

माहिती फुटली तर २५० कोटींपर्यंत दंड, असं आपण छातीठोकपणे सांगता. तो दंड सरकारी तिजोरीत जाणार. फोन आम्हाला, धाकधूक आमची, पैसे आपल्याला. जुन्या आयटी कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ तर या कायद्यानं काढूनच टाकायचं ठरवलंय. वर माझी तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर मलाच दहा हजारांपर्यंत दंड!

संमतीचं म्हणाल, तर ती कशी घेतात ते एकदा साध्या कपड्यांत येऊन बघा. पत्नी स्ट्रेचरवर. काउंटरवरच्या मुलीनं टॅब पुढे केला, इंग्रजीतला मजकूर बोटानं सर्रकन वर सरकवला आणि म्हणाली, ‘इथे टिक करा काका, नाहीतर फाइल पुढे जात नाही.’ असा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही मिळायला हवा, असं आपलाच कायदा म्हणतो. शंभरातले पंच्याण्णव जण तो न वाचता टिक करत असतील, हा माझा अंदाज. उरलेल्या पाचांवरही माझा विश्वास नाही.

‘१९८४’ची आठवण हल्ली जो तो काढतो, पण त्यातली एक गोष्ट सगळे विसरतात. ऑर्वेलच्या त्या राज्यात ८५ टक्के लोक ‘प्रोल’, म्हणजे गरीब कष्टकरी होते आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन, म्हणजे पाळत ठेवणारा पडदा नव्हता. गरिबांच्या घराघरांत तो लावायची पक्षाला गरजच वाटली नव्हती. आपण उलट गरिबांपासूनच सुरुवात केलीत. रेशनसाठी अंगठा. अंगणवाडीतून पोषण आहार नेणाऱ्या गरोदर बाईचा चेहरा कॅमेऱ्यापुढे. रोजगार हमीच्या मजुरांचे दिवसातून दोनदा ॲपवर फोटो. झाडूवाल्यांच्या मनगटावर जीपीएसचं घड्याळ. ठेकेदाराच्या मनगटावर असं घड्याळ मी तरी पाहिलेलं नाही.

झाम्यातिन या रशियन लेखकानं १९२० च्या सुमारास काचेच्या घरांचं शहर लिहिलं. पडदे ओढायचे ते फक्त ठरलेल्या वेळी, तेही परवानगीनं. आपल्याकडे पडदे आहेत, पण ते मंत्रालयांच्या खिडक्यांना. कलम १७ खाली सुरक्षा आणि सुव्यवस्थेचं नाव घेऊन कुठलीही सरकारी यंत्रणा आपण या कायद्याबाहेर काढू शकता. यात पक्षाचा प्रश्न नाही. आधार एका सरकारनं आणलं, दुसऱ्यानं कवटाळलं, आणि तिसरं आलं तरी सोडणार नाही. विरोधात असताना सगळ्यांना खासगीपणा आठवतो, खुर्ची मिळाली की डेटाबेस.

मागण्या लिहायच्या राहूनच जातील, म्हणून लिहितो. दीड वर्षाची मुदत रद्द करा. भरपाई ज्याची माहिती फुटली त्याला द्या. कलम ४४(३) मागे घ्या.

आणि एक प्रश्न. आमची फाइल ज्या कर्मचाऱ्यानं बाहेर दिली तो सरकारी निघाला, तर त्याच्यावर काय कारवाई झाली हे मी माहिती अधिकारात विचारीन. ती त्याची वैयक्तिक माहिती आहे, असं उत्तर मला येणार आहे का?

कळावे,
एक विमाधारक, करदाता आणि आपल्या लेखी एक बारा आकडी नंबर