हरवणाऱ्या नोंदींचा माग लावून देणाऱ्या मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममधील साहित्य-वितरणाच्या डेटाबेसचे काम आता सुरळीत चालू असून फॉर्मवर भरलेली नोंद टेबलापर्यंत, म्हणजे ती साठवण्याच्या तक्त्यापर्यंत, पोहोचत आहे, हे कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आभार फोनवरही मानता आले असते. तरीही ते जाहीरपणे मानावेसे वाटले. दुसऱ्या कुणीतरी बांधलेला, बांधणारा केव्हाच निघून गेलेला आणि तरीही रोज वापरात असलेला डेटाबेस सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडते, अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि आपण मला जे दाखवून दिले ते त्यांच्याही उपयोगाचे आहे.

मी आपल्याकडे आणलेली तक्रार ऐकायला साधी होती: काही नोंदी गायब होतात. एररचा संदेश येत नव्हता आणि दिवस किंवा संगणक यांचाही काही धरबंध नव्हता. कार्यालयाने आपला निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता, तो म्हणजे भरणारी माणसेच नोंद करायला विसरतात. आपण तो मान्य केला नाही. ज्यांची नोंद हरवली त्यांनी ती पडद्यावर पाहिली होती का, एवढेच आपण विचारले. त्यांनी ती पाहिली होती. मग नोंद पडद्यावर होती आणि टेबलात नाही, तेव्हा शोध या दोहोंच्या मधल्या जागेतच घ्यायला हवा, असे आपण म्हणालात. तोवर माझी शोधाशोध नेटवर्कपासून फाइलच्या आकारापर्यंत सगळीकडे चालू होती. वास्तविक आमची फाइल २ जीबीच्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती.

त्यानंतर आपण कोडला हात न लावता फॉर्मची प्रॉपर्टी शीट, म्हणजे त्याच्या गुणधर्मांची यादी, उघडायला सांगितली आणि रेकॉर्ड सिलेक्टर, म्हणजे नोंदीच्या कडेची उभी पट्टी, सुरू करायला लावला. फॉर्म नीटनेटका दिसावा म्हणून तो पूर्वी बंद करण्यात आला होता, आणि असे जवळजवळ सगळीकडेच केले जाते. तो सुरू होताच डावीकडच्या पट्टीत, पहिले अक्षर टाइप केल्याबरोबर, पेन्सिलचे चिन्ह उमटले. जोवर ही पेन्सिल दिसते तोवर नोंद केवळ फॉर्मपाशी आहे आणि टेबलाला तिची खबरही नाही, हे आपण सांगितले. मग प्राप्तकर्त्या विभागाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवून आपण मला ‘बंद करा’ हे बटण दाबायला लावले. पेन्सिल तशीच असताना फॉर्म मिटला. कसलाही संदेश आला नाही. टेबल उघडून पाहिले तर नवी ओळ नव्हती.

तीच नोंद पुन्हा तशीच भरून या वेळी कोपऱ्यातल्या फुलीने फॉर्म बंद केला, तेव्हा मात्र अमुक रकाना भरणे आवश्यक आहे असा संदेश अ‍ॅक्सेसने लगेच दाखवला. नोंदी काहींच्याच का हरवत होत्या, याचा उलगडा त्या क्षणी झाला. ज्यांना फुलीची सवय होती त्यांना इशारा मिळत होता. जे शिस्तीने, शिकवल्याप्रमाणे, बटण वापरत होते त्यांचीच नोंद जात होती, आणि विसरभोळेपणाचा ठपकाही त्यांच्यावरच येत होता. हे कळल्यावर मला आनंदापेक्षा ओशाळल्यासारखे अधिक झाले, हेही येथे नमूद करतो.

बटणामागे एकच काम करणारी ओळ होती, ‘डू कमांड क्लोज’. आवश्यक रकाना रिकामा असल्यामुळे नोंद जतन होऊ शकत नसेल, तर ही आज्ञा तक्रार न करता अपूर्ण नोंद टाकून देते आणि फॉर्म बंद करते. या आज्ञेला जोडलेला ‘सेव्ह’ हा पर्याय पाहून मला वाटले होते की तेथे ‘होय’ लिहिले की काम भागेल. तो पर्याय फॉर्मच्या रचनेत केलेले बदल जतन करायचे की नाहीत एवढ्यापुरताच आहे, त्याचा भरलेल्या माहितीशी काही संबंध नाही, हे आपण स्पष्ट केले. त्याऐवजी फॉर्म बंद करण्यापूर्वी, फॉर्ममध्ये न जतन केलेले बदल आहेत का हे तपासून ‘मी.डर्टी = फॉल्स’ ही ओळ घालायची, म्हणजे जतन करण्याचा प्रयत्न आधी होतो, आणि तो फसला तर एरर समोर येते.

पण एवढ्यावर आपण थांबला नाहीत, आणि या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी हाच मानतो. बटणामागच्या त्या प्रोसीजरच्या (कोडच्या तुकड्याच्या) डोक्यावर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिलेले होते. ते तसेच राहिले असते तर नवी ओळ घालूनही काही उपयोग झाला नसता, कारण जतन करताना आलेली एरर गिळली गेली असती, कोड पुढच्या ओळीवर गेला असता आणि फॉर्म पूर्वीइतक्याच शांतपणे बंद होऊन नोंद गेली असती. दुरुस्ती केलेली दिसत असताना दोष जागच्या जागी राहिला असता, आणि याहून वाईट अवस्था दुसरी नाही. ती ओळ काढून एरर हाताळण्याचा स्वतंत्र भाग लिहिल्यावर ३३१४ या क्रमांकाची एरर दिसू लागली आणि रिकाम्या रकान्याचे नावही समोर आले. फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये (जतन होण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये) आपल्याच तपासणीने जतन रद्द केले, तर याच ओळीवर २१०१ क्रमांकाची एरर येते आणि तिचा संदेश प्रॉपर्टीला दिलेली किंमत (व्हॅल्यू) योग्य नाही अशा अर्थाचा, म्हणजे वाचणाऱ्याला भलतीकडेच नेणारा असतो, ही पूर्वसूचना आपण दिली होती म्हणूनच पुढे ती आली तेव्हा माझी धांदल उडाली नाही. ‘रिझ्यूम नेक्स्ट’ एखाद्या विशिष्ट ओळीपुरते, जाणूनबुजून वापरावे, हे आपले मत सौम्य आहे. माझे मत विचाराल तर ते फॉर्मच्या कोडमध्ये दिसताक्षणी आधी काढावे आणि मग बाकीचे बोलावे.

दुसरी अडचण मुख्य फॉर्म आणि त्याच्या आत बसवलेला सबफॉर्म यांच्यातली होती. सबफॉर्मच्या ‘करंट’ इव्हेंटमधील (एखादी नोंद समोर येताच चालणारा) कोड मुख्य फॉर्मवरील टेक्स्ट बॉक्सची किंमत मागत असे, आणि फॉर्म उघडतानाच, नेमका त्याच वेळी, एरर येत असे. एकदा फॉर्म उघडल्यावर तोच कोड बिनबोभाट चालत असल्यामुळे कोडमध्ये दोष दिसत नव्हता. तेव्हा आपण प्रत्येक इव्हेंटमध्ये ‘डीबग प्रिंट’ची एकेक ओळ घालून फक्त फॉर्मचे आणि इव्हेंटचे नाव छापायला सांगितले. कंट्रोल आणि जी दाबून छापलेले दाखवणारी इमिजिएट विंडो उघडली, तर सबफॉर्मचे ‘ओपन’, ‘लोड’ आणि ‘करंट’ आधी छापलेले होते आणि मुख्य फॉर्मचे ‘ओपन’ त्यांच्या खाली होते. घरची मंडळी यायच्या आधीच पाहुणे पंगतीला बसावेत, तसा हा क्रम मला वाटला. पण तो तसाच आहे, आणि एकदा छापलेला पाहिल्यावर त्याविषयी वाद उरत नाही. सबफॉर्मने मुख्य फॉर्मकडे मागण्याऐवजी मुख्य फॉर्मने आपल्या ‘करंट’मधून सबफॉर्मला हवे ते द्यावे, एवढा बदल पुरला. त्यासाठी वाट सबफॉर्मच्या कंट्रोलमधून, त्याच्या ‘फॉर्म’ या प्रॉपर्टीतून जाते आणि कंट्रोलचे नाव आतल्या फॉर्मच्या नावाहून वेगळे असू शकते, हे आपण मला प्रॉपर्टी शीटमध्ये बोट ठेवून दाखवले.

त्याच छापील यादीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. कोडने एखाद्या टेक्स्ट बॉक्समध्ये किंमत घातली, तर त्या टेक्स्ट बॉक्सचा ‘आफ्टर अपडेट’ हा इव्हेंट घडतच नाही. तो माणसाने टाइप केल्यावरच घडतो. एकूण संख्या कधी बरोबर तर कधी जुनीच का दिसते, याचे कारण तेथेच मिळाले.

तारखांचा प्रश्न मी आपल्यापुढे सर्वांत शेवटी मांडला, कारण तो छपाईच्या अहवालाचा दोष आहे अशी माझी समजूत होती. महिन्याच्या उत्तरार्धात अहवाल अचूक येई आणि पूर्वार्धात कधीकधी रिकामा येई. आपण पुन्हा अहवालाकडे न पाहता, कोडमध्ये जोडून तयार होणारे एसक्यूएल वाक्य (डेटाबेसकडे नोंदी मागणारी आज्ञा) चालवण्याआधी छापायला सांगितले. हॅशच्या दोन चिन्हांमध्ये ०५/०३/२०२४ असे छापून आले. आम्ही ती ५ मार्च समजत होतो. कोडमधून दिलेल्या एसक्यूएलमध्ये अशा तारखेतला पहिला आकडा महिन्याचा मानला जातो, संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये काहीही असले तरी, म्हणून अ‍ॅक्सेस ३ मेच्या नोंदी शोधत होता. २५/०३/२०२४ मात्र बरोबर चाले, कारण पंचविसावा महिना नसल्यामुळे तो आकडा मुकाट्याने दिवस धरला जाई. म्हणजे १२ तारखेपर्यंत चूक आणि १३ तारखेपासून बरोबर, आणि त्यातही ३/३ किंवा ७/७ अशा दिवशी योगायोगाने बरोबर. हीच अट क्वेरीच्या (नोंदी निवडून आणणाऱ्या जतन केलेल्या प्रश्नाच्या) डिझाइनमध्ये हाताने टाइप केली की ठीक चाले, कारण तेथे प्रादेशिक सेटिंगनुसार अर्थ लावला जातो. त्यामुळे क्वेरी तपासणाऱ्याला दोष कधीच दिसला नसता. आता तारीख वाक्यात जोडण्यापूर्वी ‘फॉरमॅट’ने वर्ष-महिना-दिवस या क्रमात आणली जाते आणि हा संदिग्धपणा संपला आहे.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या विशेष लक्षात राहिली. आपण माझ्या माऊसला किंवा कीबोर्डला एकदाही हात लावला नाही. एफ-९ दाबून ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याची खूण) कुठे लावायचा आणि एफ-८ने एकेक ओळ चालवताना कोणत्या व्हेरिएबलकडे पाहायचे, हे मलाच ठरवावे लागे, आणि माझे उत्तर चुकीच्या दिशेने गेले की आपण ‘आता काय घडायला हवे होते?’ एवढेच विचारत असत. सुरुवातीला, खरे सांगायचे तर, याचा मला कंटाळा येई. कोड पाठवावा आणि दुरुस्त होऊन यावा, अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले असते तर तारखेचा दोष मी आपल्यापर्यंत आणलाही नसता, कारण त्याचा फॉर्मशी काही संबंध आहे हे मला सुचलेच नसते.

आपल्या काही सूचना मी लगेच अमलात आणल्या: काम सुरू करण्यापूर्वी फाइलची प्रत काढणे, प्रत्येक मॉड्यूलच्या माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ (प्रत्येक व्हेरिएबल आधी घोषित करायला लावणारी ओळ) लिहिणे आणि बदल केल्यावर पूर्ण प्रकल्प कंपाइल करून पाहणे. तसे पहिल्यांदा कंपाइल केले तेव्हा कधीही घोषित न केलेली, एका अक्षराने चुकलेली व्हेरिएबलची नावे किती निघाली हे आपल्याला ठाऊकच आहे. टेक्स्ट बॉक्सचे नाव रकान्याच्या नावाहून वेगळे ठेवावे, ही सूचना मात्र मी अजून अर्धीच पाळली आहे. नव्या फॉर्ममध्ये ती पाळतो. जुन्या फॉर्ममध्ये ती नावे इतक्या ठिकाणी पसरलेली आहेत की, नाव बदलण्यातला धोका न बदलण्यातल्या धोक्याहून मोठा वाटतो. यावर आपले मत वेगळे असेल, तर ते जरूर कळवावे.

लवकरच आमचे संगणक बदलायचे आहेत आणि त्यांवर ६४ बिटचे ऑफिस येणार आहे. जुन्या कोडमध्ये विंडोजची फंक्शने घोषित करणाऱ्या काही ‘डिक्लेअर’ ओळी सापडल्या आहेत. त्यांना ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द जोडावा लागेल आणि हँडल किंवा पॉइंटर (मेमरीतले पत्ते वा खुणा) धरणारी व्हेरिएबल ‘लाँग’वरून ‘लाँग-पीटीआर’ करावी लागतील. या ओळी मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, आणि प्रत्येक ओळीपुढे ते फंक्शन काय घेते, काय परत देते आणि कोणत्या फॉर्मच्या कोणत्या इव्हेंटमधून बोलावले जाते, हे लिहीत आहे. यादी पूर्ण झाली की आपल्याला दाखवीन. आपण त्या वेळीही प्रश्नच विचाराल, याची कल्पना आहे.

आपण दिलेला वेळ आणि दाखवलेला संयम यांबद्दल मी आणि आमच्या कार्यालयात नोंदी भरणारे सर्वजण आपले मनापासून आभारी आहोत. ज्यांच्यावर विसरभोळेपणाचा ठपका आला होता त्यांना खरे कारण सर्वांसमोर समजावून सांगितले आहे, आणि त्यांनी आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
साहित्य-वितरणाचा डेटाबेस सांभाळणारा एक कर्मचारी