घुबडाचं सोंग

मिनिआपोलिस, ३ नोव्हेंबर २०२४

ती. आई-बाबांस सा. न.

फराळाचा डबा पोचला. चकल्या मोडल्या होत्या, पण चुरासुद्धा उरला नाही. आम्ही मजेत. छोटीचा खोकला गेला. बाबा, मोबाइलमध्ये इथलं तापमान बघून घाबरू नका, घरात आम्ही अर्ध्या बाह्यांत असतो.

आई, फोटो पाहून तू म्हणालीस, "नरकचतुर्दशीला पोरीचं घुबड केलंस?" अगं, यंदा हॅलोविन नेमकं त्याच दिवशी आलं. पहाटे उटणं लावून न्हाऊ घातलं होतं. कारीट मिळेना, म्हणून तिनं चेरी टोमॅटो फोडला. आणि घुबड तिचा हट्ट. बंगालकडे ते लक्ष्मीचं वाहन म्हणतात.

संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात. भीक नव्हे गं! ज्या दाराबाहेरचा दिवा चालू, तिथंच जायचं. दिवा बंद म्हणजे आत माणसं दिसली तरी बेल वाजवायची नाही. पोरं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणतात, घरधनीण परात पुढे करते, एखाद-दुसरं उचलायचं, थँक्यू म्हणायचं. आईबापांनी फुटपाथवर थांबायचं. एरवी न कळवता कुणाकडे गेलं तर दचकणारी माणसं ही! भोंडल्याची खिरापतच समज, फक्त ओळखायची नाही.

ती गारठेल म्हणतेस, पण थंडीसाठीच तर घरी शिवलं. विकतचे कपडे पातळ, वरून जाकीट चढवलं की परी काय नि चेटकीण काय, सारख्याच. शेजारच्या आजी अजून १९९१ चं सांगतात: हॅलोविनला सुरू झालेला बर्फ तीन तारखेपर्यंत पडला, २८.४ इंच. म्हणून दोन मापं मोठं जुनं जाकीट घेतलं, आत दोन स्वेटर मावतील असं. त्यावर पिसं शिवली, खालच्या ओळीपासून वर, कौलं शाकारतात तशी. मुखवटा श्वासानं ओला होतो, म्हणून डोळे टोपीवरच, कोटाची दोन मोठी बटणं. त्या दिवशी पावसात बर्फाचे कण होते, तरी बाईसाहेब तासभर फिरल्या.

पिसांचं कापड तू ओळखलंस की नाही, कळलं नाही. तुझी इरकल. लोणच्याच्या बरण्यांना गुंडाळून दिली होतीस ती. विरलीच होती. पदर कापला नाही, कपाटात आहे.

हॉलच्या अनामतीचे पैसे शुक्रवारी पाठवलेत, दादाला खातं बघायला सांग. लग्नाला मी येतेच, पण रजा आठच दिवस. हळदीला पोचेन, बस्त्याला नाही. ह्यांचं तिकीट काढलेलं नाही, तेवढ्यात मांडववाल्याचं भागेल. सासूबाईंना मी सांगेन, तू बोलू नकोस. आज भाऊबीज, दादाला व्हिडिओवरच ओवाळलं. आजपासून इथली घड्याळं तासभर मागे, तेव्हा फोन तुमच्या सकाळी आठला करेन.

तुमची
शुभा

ता. क. पुन्हा कुणाबरोबर लोणचं पाठवलंस, तर गुंडाळायला वर्तमानपत्र चालेल.