गेंड्या आणि सोंड्या यांत गल्लत नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या अंकात नारळाच्या किडींवर आलेल्या लेखात गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा या दोघांनाही सरसकट ‘परदेशी’ ठरवून एकच फवारणी सुचवली आहे. वस्तुतः हे दोघेही मूळचे आपल्याच दक्षिण व आग्नेय आशियातले. उपरे ठरले ते परमुलखात: गेंड्या १९०९ मध्ये सामोआ बेटांवर आणि २००७ मध्ये ग्वामवर पोहोचला, तर सोंड्याने १९८०च्या दशकात आखाती देशांतील खजुरीच्या बागा गाठल्या आणि पुढे भूमध्य समुद्राचा काठही धरला.

फवारणीची चूक अधिक महागात पडते. गेंड्याचा प्रौढ भुंगा शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो, म्हणून झावळी उलगडली की कात्रीने कातरल्यासारखी दिसते. त्याची अळी मात्र शेणखतात, पाल्याच्या खड्ड्यात किंवा कुजक्या ओंडक्यात वाढते, जिवंत माडाला तोंड लावत नाही. सोंड्याचे उलट आहे. मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते आणि सारी नासधूस आतली अळी करते. ही जखम पुष्कळदा गेंड्यानेच केलेली असते, किंवा आपल्या कोयत्याने.

दांडिया बाजारातील आमच्या परसातला माड असाच गेला. कातरलेल्या झावळ्या पाहून मी आकड्याने गेंडे ओढून काढत राहिलो, माळ्याने झावळ्या खोडाला घासून छाटल्या, आणि खोडावरच्या भोकातून ओघळणारा तपकिरी, आंबूस चिकट रस मला पावसाचे डाग वाटला. शेवटी कान लावला तेव्हा आत कुरतडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. भादव्यात शेंडा कलंडला. आत सोंड्याचे, तंतूंचे विणलेले कोश खच्चून भरले होते.

झावळी कापताना सुमारे मीटरभर देठ ठेवावा, शेंड्याजवळच्या बेचक्यांत डांबरगोळ्या घालून वर वाळू टाकावी, आणि खतखड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी, म्हणजे गेंड्याची अळी तिथेच मरते. हल्ली आपल्या वडोदऱ्यात सोसायट्यांनी माडाच्या बुंध्याशीच पाल्याचे खड्डे केले आहेत (हेतू चांगला, जागा चुकीची). ते निदान दर दोन-तीन महिन्यांनी उपसून अळ्या वेचाव्यात. दोन्ही किडींची ओळख पटेल अशी छायाचित्रे आपण पावसाळ्यापूर्वी छापावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, वडोदरा