प्रत्येक खाजेवर एकच ट्यूब कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार,

उकाडा वाढला की पेपरात त्वचेची काळजी घ्या टाइपचे लेख यायला लागतात, तुमच्याकडेही येतात, आणि भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, दोनदा अंघोळ करा एवढं सांगून लेख संपतो. त्यात चुकीचं काहीच नाही. पण ज्याच्या अंगावर पुरळ आलंय त्याला हे हवं असतं की बाबा हे नेमकं आहे काय, ह्यावर काय लावू आणि काय अजिबात लावू नको. ते कोणी धड सांगत नाही, मग घरात पडलेली कुठलीतरी ट्यूब लावली जाते, आणि ती बरेचदा स्टेरॉइडवाली निघते. मला त्या ट्यूबबद्दलच लिहायचंय.

आधी घामोळ्याचं बघू कारण दमट हवेत सगळ्यात जास्त तेच येतं. घाम बाहेर यायच्या बारीक नळ्या बुजतात, घाम कातडीच्या आतच झिरपतो आणि तिथे बारीक पुरळ उठतं, टोचतं, चुरचुरतं. मान, पाठ, छाती, कोपराची घडी, कपडा घासतो ती जागा. ह्याला औषध जवळजवळ लागत नाही, अंग थंड आणि कोरडं ठेवलं, पंख्याखाली बसलं, फार खाज असेल तर कॅलामाइन लोशन लावलं की काही दिवसांत बसतं. पण लोक काय करतात तर वरून तेल चोपडतात नाहीतर जाड मलम थापतात, म्हणजे आधीच बुजलेली नळी अजून बुजवायची! आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर पावडरचा डबा उपडा करणं तर बंदच व्हायला हवं, ती पावडर श्वासातून आत जाते.

आता गजकर्ण, कोणी नायटा म्हणतं. ही बुरशी. कडेने उठलेली गोल रिंग, कडा लाल किंवा काळपट आणि खवल्यांची, मधला भाग त्यामानाने साफ, आणि आवडती जागा म्हणजे जांघ, कंबर, काख, जिथे घाम साचतो आणि हवा लागत नाही. ह्यावर फक्त बुरशीचं औषध लावायचं असतं. पण बाजारात मिळतात त्या मिक्स क्रीममध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तगडं स्टेरॉइड असं सगळं एकाच ट्यूबमध्ये कोंबलेलं असतं. स्टेरॉइडचं काम सूज आणि खाज दाबणं, त्यामुळे दोन दिवसांत माणूस खुश, काय भारी क्रीम आहे म्हणून शेजाऱ्यालाही सांगतो. खाज गेलेली असते, बुरशी नाही. उलट शरीराची तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे ती निवांत पसरते. लावणं बंद केलं की दुप्पट जोराने परत, मग परत तीच ट्यूब. असं काही महिने चाललं की रिंगच दिसेनाशी होते, डॉक्टरलाही नुसतं बघून पटकन ओळखता येत नाही, ह्या फसव्या रूपाला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात.

त्यात जांघेची कातडी पातळ. शरीरावर कुठून किती स्टेरॉइड शोषलं जातं हे 1967 मध्ये मोजलं गेलं होतं, आणि हाताच्या कातडीपेक्षा अंडकोषाच्या कातडीतून तब्बल 42 पट जास्त शोषण होतं असं निघालं. म्हणजे हातावर जे क्रीम ठीक चालतं तेच तिथे महिनोन् महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते आणि वजन वाढल्यावर पोटावर-मांड्यांवर पडतात तसे कायमचे पट्टे उमटतात, ते पट्टे नंतर पूर्ण जात नाहीत. तोंडावर गोरेपणासाठी हीच क्रीम लावणारे लोक आहेत त्यांचं तर वेगळंच, चेहरा लाल, पुटकुळ्या, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि बंद केलं की आग आग होते.

बरं, बुरशीही पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची एक जात आता बऱ्याच देशांत सापडतेय, तिला 2020 मध्ये हे नाव दिलं गेलं, तिच्यातले बरेच नमुने टर्बिनाफिन ह्या नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. त्यामुळे गोळी आपल्या मनाने चार दिवस घेतली आणि सोडली हा प्रकार तर नकोच. क्रीम दिलं असेल तर ते डागाच्या कडेबाहेरही थोडं लावायचं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावत राहायचं, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. टॉवेल वेगळा, घामट आतले कपडे रोज बदलायचे, धुतल्यावर नीट वाळवायचे.

खरूज हा तिसरा प्रकार आणि ह्यात एकट्याने औषध लावून उपयोगच नसतो. बारीक किडा कातडीत बोगदा करतो, खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायलाच 4 ते 6 आठवडे लागू शकतात, म्हणजे घरातल्या ज्याला काहीच होत नाहीये त्यालाही लागण असू शकते. म्हणून डॉक्टर सगळ्या घराला एकाच दिवशी 5 टक्के पर्मेथ्रिन हे किडा मारणारं क्रीम लावायला सांगतात, मोठ्यांना मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं आणि साधारण आठवड्याने परत. कपडे-चादरी गरम पाण्यात, नाहीतर पिशवीत बांधून 3 दिवस बाजूला ठेवायच्या, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा त्याच्यापुढे सहसा टिकत नाही. किडे मेल्यावरही 2-4 आठवडे खाज राहू शकते, तेव्हा औषध लागू पडलं नाही म्हणून रोज रोज थापत बसू नये, त्यानेही कातडी चिडते. आणि हो, खरूज म्हणजे अस्वच्छ माणसं हे डोक्यातून काढा, ती जवळच्या स्पर्शाने कोणालाही होते, लपवण्यामुळेच पसरते.

शिबं, म्हणजे बुरशीने पडणारे फिके डाग, मात्र निरुपद्रवी, बुरशी मेल्यावरही फिके डाग भरायला महिने लागतात एवढं माहीत असलं की झालं. फिका डाग आहे, खाज नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही असं असेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या, गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो.

ज्यात घरी वाट बघत थांबायचंच नाही अशी पुरळंही आहेत. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्यात आणि सोबत ओठ-जीभ सुजली, श्वास अडकतोय, तर सरळ इमर्जन्सी. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ आणि तोंडात-डोळ्यांत फोड, तर तसंच. तापासोबत जांभळे ठिपके आले आणि काचेचा ग्लास दाबूनही ते फिके होत नाहीत, तर रात्र काढू नका. ताप-अंगदुखी-पुरळ असं एकत्र असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्त्राव वाढू शकतो.

शेवटी एक विनंती. असा लेख छापाल तेव्हा सोबतचे फोटो गोऱ्या कातडीचे नकोत. सावळ्या आणि काळ्या कातडीवर लालसरपणा लालभडक दिसत नाही, तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, आणि लाल चट्टा शोधणारा माणूस आपल्याला तो नाहीच असं समजून बसतो. गजकर्ण, घामोळं आणि खरूज ह्या तिघांचे सावळ्या अंगावरचे फोटो शेजारी शेजारी छापले आणि खाली प्रत्येकाला काय लावू नये ते एका ओळीत दिलं तरी खूप काम होईल.

आपला,
एक नियमित वाचक